शेजारच्या सीटचे काय करावे

शनिवार, १४ जून २०२५

नोव्हेंबरनंतर या वहीत एक ओळही लिहिलेली नाही, त्याबद्दल माफी. कोणाची माफी मागते आहे हे मलाही नीट सांगता येणार नाही. वही माझी, आणि आजवर वाचणारीही मीच. पण आज जे लिहायला बसले आहे ते दुसऱ्यांनी वाचायचे आहे, म्हणून अक्षर जपून काढते आहे. आमच्या राज्यात स्वतःच्या हाताने लिहून सही केलेले मृत्युपत्र चालते. ते कसल्या कागदावर असावे याबद्दल कायदा काही म्हणत नाही. मी दोनदा पाहून घेतले.

निमित्त ऑरिनचे. ऑरिन माझा नवरा, गुरांचा डॉक्टर. मंगळवारी माझ्या पिकअपचा वेग वाढवणाऱ्या सुपरचार्जरचे खोके आले. तो आणि कुरिअरवाला दोन बाजूंनी धरून ते गराजमध्ये आणत होते, तेव्हा ऑरिन धापा टाकत म्हणाला, "हे बसवणार असशील ना, तर आधी मृत्युपत्र लिही." कुरिअरवाला हसला, ऑरिनही हसला. मला विनोद उशिरा कळतात अशी घरात ख्याती आहे, पण हा कळला होता. तरी मी विचार केला की सेहेचाळीस वर्षांच्या बाईने मृत्युपत्र लिहू नये याला काही कारण आहे का. सापडले नाही.

तर मी, लिओना रूथ हार्गिस, राहणार टॅरंट वेल्स, वायोमिंग, इथल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवणारी, असे लिहून ठेवते की हे मी राजीखुशीने, कॉफी पिऊन, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून लिहिले. डोके ठिकाणावर आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. व्यवस्था पाहण्याचे काम ऑरिनने करावे. त्याला यंत्रातले काही कळत नाही, म्हणून जिथे यंत्राचा संबंध आहे तिथे मी जरा फोड करून लिहिणार आहे. इतरांनी कंटाळू नये.

एक. घर ऑरिनचे. उत्तरेकडची खिडकी वाऱ्यात वाजते. ती त्याने मी असतानाच दुरुस्त करावी, म्हणजे हे वाक्य खोडता येईल. बँकेत जे असेल तेही त्याचेच.

दोन. माझे दगड कॉलेजला. कपाटातल्या वरच्या कप्प्यातले शिंपल्यांचे ठसे विद्यार्थ्यांच्या हातात द्यावेत, काचेत ठेवू नयेत. इथे, समुद्रापासून इतक्या लांब आणि इतक्या उंचावर, पायाखाली शिंपले सापडतात हे हाताला कळल्याशिवाय डोक्याला पटत नाही. मलाही पटले नव्हते.

तीन. हत्यारे. माझा टॉर्क पाना, म्हणजे नट किती आवळला गेला ते काट्यावर दाखवणारा लांब पाना, मी नेडा क्रायचेक हिला ठेवणार होते. नेडाचे वेल्डिंगचे दुकान आहे आणि माझी गाडी तिच्या दुकानातल्या जॅकवरच खालीवर होते. पण मला साक्षीदारही तीच हवी आहे, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी तिला फोन करून विचारले, "पाना की सही?"

तिच्या मागे ग्राइंडर चालू होता. मग म्हणाली, "तू मरणार कधी?"

"तसं काही ठरलेलं नाही."

"मग सही करते. पाना काय, मी तसाही उसना नेतेच. आता गुरुवारपासून माझ्याकडेच आहे तो. तुला कळलंसुद्धा नाही."

कळले नव्हते. सबब पाना आणि बाकीची हत्यारे माझ्या धाकट्या भावाला, थेनला. त्याने ती आधी नेडाकडून परत आणावीत.

चार. हवेचा दाब मोजायचे माझे पितळी यंत्र कॉलेजला, आणि टॉवरवरच्या तक्त्याविषयीचे माझे मत ज्याला हवे असेल त्याला. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण गावात याचे वेगवेगळे पाठ आहेत.

गावाखाली नदीकाठी युद्धाच्या वेळची विमानांची एक जुनी धावपट्टी आहे. उन्हाळ्यात दर रविवारी तिच्यावर ड्रॅग रेस होतात. दोन गाड्या, सुटायची खूण देणारा दिव्यांचा एक खांब, पाव मैल सरळ रस्ता, आणि टोकाला घड्याळ. पहिल्यांदा मी तिथे गेले ती चाळिशीत, वर्गातल्या मुलांना हवेचा दाब दाखवायला, हे पितळी यंत्र घेऊन. आमच्याकडची हवा विरळ. इंजिनाला श्वासाला कमी पडते, म्हणून इथे प्रत्येक गाडी समुद्रकाठच्यापेक्षा हळू पळते. हे दुःख फार जुने आहे आणि त्यावर गावाने उपायही काढला आहे: पट्टीशेजारच्या टॉवरवर एक तक्ता टांगलेला आहे. घड्याळाने दिलेल्या वेळेतून तक्त्यातला आकडा वजा करायचा, की आपली गाडी समुद्रकाठी किती पळाली असती ते कळते. गावात कोणीही वेळ सांगतो ती वजाबाकी करूनच. कधीही समुद्र न पाहिलेली माणसे समुद्रकाठच्या वेळेवरून एकमेकांशी भांडतात.

मला याची फार मौज वाटली आणि त्या मौजेतच मी अडकले. पुढच्या रविवारी मुले नसताना एकटीच गेले. त्याच्या पुढच्या रविवारी माझी पिकअप घेऊन. ती पूर्वी जिल्ह्याच्या रस्तेखात्याची होती, लिलावात घेतलेली. पांढरी, दोन माणसांची, दारावर खात्याच्या पुसलेल्या अक्षरांची सावली. घड्याळाने दिले पंधरा पूर्णांक आठ सेकंद. तक्त्याने केले चौदा पूर्णांक सात. लोक पाठ थोपटायला आले. मी विचारले, "पण मी चौदा सातमध्ये कुठे पळाले?" त्यावर कोणीतरी म्हणाले, "मास्तरीण आहे, सोडा."

दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आले की तक्ता चुकीचा आहे. तो दुसऱ्या कुठल्या तरी पट्टीवरून उतरवून घेतलेला होता, आणि ती पट्टी आमच्यापेक्षा हजारभर फूट उंच असणार. म्हणजे सगळे गाव गरजेपेक्षा जास्त वजा करत होते. मी आठवडाभर पडताळून पाहिले आणि मग सांगितले. सभा झाली. थेनचा त्या वर्षीचा विक्रम नव्या तक्त्याने मोडत होता. तो उभा राहून म्हणाला, "माझी सख्खी बहीण आहे ही. लोकहो, मी हिच्याबरोबर लहानाचा मोठा झालो. माझ्या ताटातले वाटाणे मोजायची." हात वर करून मतदान झाले. चुकीचा तक्ता ठेवावा असे ठरले. माझ्या बाजूने दोनच हात होते, एक माझा आणि दुसरा आईचा. थेन तो सगळा उन्हाळा माझ्याशी बोलला नाही. आईशी मात्र बोलत होता, आणि हे मला अजून थोडे लागते. माझे म्हणणे आजही तेच आहे, पण मी मेल्यावर ते कोणी पुढे चालवण्याची गरज नाही. तक्ता सुखाने राहो.

पाच. पिकअप आणि सुपरचार्जर.

ऑरिनसाठी: सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. आत दोन पिळाचे रूळ एकमेकांत गुंतून फिरतात आणि इंजिनात हवा दाबून भरतात. म्हणजे विरळ हवा दाट होऊन आत जाते. तो बसवायला इंजिनावरचे हवेचे नळकांडे काढावे लागते, लांब पट्टा, मोठे इंधनाचे फवारे लागतात आणि गाडीच्या संगणकाला सगळे नव्याने शिकवावे लागते. नेडाच्या दुकानात दोन दिवसांचे काम. पुढे जी पुली असते ती जितकी लहान, तितका पंप जोरात फिरतो. इथे प्रत्येक जण आधी सगळ्यात लहान पुली मागवतो आणि मग नवे इंजिन मागवतो. मी मोठी मागवली आहे.

मंगळवारी मी फक्त खोक्याचे झाकण उघडले आणि पुली बोटाने फिरवली. दुसऱ्या तोंडाशी हात धरला तर तळव्यावर फुंकर आली. एवढ्या थंड, जड धातूतून इतकी माणसासारखी फुंकर येईल असे वाटले नव्हते. मी पुन्हा फिरवली. किती वेळा, ते लिहीत नाही.

मला हा का हवा आहे हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. वेगासाठी म्हणावे तर वेगाने मला मळमळते. मला वाटते, एक गाव इतकी वर्षे 'असते तर' या दोन शब्दांत राहते आहे, आणि हे यंत्र त्यांपैकी एका 'असते तर'ला खरे करून दाखवू शकते. दाट हवा मिळाली तर ही म्हातारी पिकअप इथे, याच पट्टीवर काय करेल? घड्याळ जो आकडा देईल तो, वजाबाकीशिवाय. हे खरे कारण असावे. किंवा हे नंतर सुचलेले छान कारण असेल. मला खात्री नाही.

तर पिकअप, तिच्यावर बसवलेला किंवा न बसवलेला सुपरचार्जर, हेल्मेट आणि बर्फाची पेटी (हवा दाबली की तापते, दोन धावांच्या मध्ये पंपावर बर्फ ठेवावा लागतो) हे सर्व थेनला. त्याने सुपरचार्जर बसवावा, एकदा खरी वेळ काढावी आणि ती टॉवरवर तक्त्याशेजारी लिहावी. काही वजा करू नये.

सहा. शेजारची सीट.

हे कलम लिहिणे मी सकाळपासून टाळते आहे. खोके येऊन चार दिवस झाले आणि ते गराजमध्ये तसेच पडून आहे, तेही याच कारणाने.

माझी आई, अर्डिथ टकाबेरी, वय एकोणऐंशी, सहा उन्हाळ्यांपासून दर रविवारी माझ्या शेजारी बसून ती पट्टी पार करते. पहिल्यांदा आली ती फक्त सावलीत बसून बघायला. दिवे लावणारा बर्ट तिला म्हणाला, "अर्डिथबाई, नुसत्या बघताय काय? बसा की." ती बसली, आणि त्यानंतर उतरलीच नाही. तिच्यासाठी लाल हेल्मेट घेतले. थेन तिला 'आमचं वजन' म्हणतो, कारण शेजारी माणूस असले की गाडी थोडी हळू पळते. ती म्हणते, "वजन आहे म्हणून चाकं जमिनीला आहेत, बाळा." टोकाला पोचलो की ती एक शेरा देते. "आज दुसऱ्या गिअरला रेंगाळली." किंवा, "छान. पण बर्टनं दिवे उशिरा लावले." तिचे कान माझ्यापेक्षा तयार आहेत.

पट्टीचा नियम असा की चौदा सेकंदांच्या आत पळणाऱ्या गाडीत शेजारी माणूस बसवायचा नाही. आणि हा एकच नियम तक्त्यावर चालत नाही, खऱ्या घड्याळावर चालतो. मी बर्टला कारण विचारले होते. तो म्हणाला, "गाडी ज्या भिंतीवर आदळते तिला तक्ता वाचता येत नाही, बाई." एकदा गाडी चौदाच्या आत गेली की तिच्या नावापुढे लाल खूण होते, मग मुद्दाम हळू चालवीन म्हटले तरी उपयोग नाही. सुपरचार्जर बसला की माझी पिकअप साडेबारा-तेरापर्यंत जाईल. म्हणजे ज्या रविवारी मला तो आकडा मिळेल, त्याच रविवारी आईची जागा जाईल.

थेन बुधवारी आईच्याच स्वयंपाकघरात म्हणाला, "लाव ना आता. अर्धं आयुष्य मोजण्यात गेलं तुझं."

"आणि आई?"

"आई कुंपणापाशी बसेल. सावलीची खुर्ची आणू एक. तिथून सगळी पट्टी दिसते."

"तिला नाही आवडणार."

"तुला काय माहीत? तूच तिला सवय लावलीस. मी म्हणतो, या वयात तिनं बसूच नये."

त्यावर आमची जुंपली. निष्पन्न काही झाले नाही.

तेव्हा मी असे ठरवते की सुपरचार्जर बसवण्याच्या वेळी पिकअपची शेजारची सीट वजन कमी करण्यासाठी काढतीलच. ती फेकू नये. तिला लाकडी पाय लावून ती आईच्या पोर्चवर, पश्चिमेला तोंड करून ठेवावी. लाल हेल्मेटही तिचेच.

(इथे लिहिणे थांबले होते. दुपारचे जेवण झाल्यावर पुढे लिहिते आहे. मधल्या वेळात जे झाले ते लिहिले नाही तर पुढची कलमे कोणाला समजणार नाहीत.)

आई मागच्या दाराने आली. हातात रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याची बरणी. तिने बरणी वहीशेजारी ठेवली.

"काय लिहितेस?"

"मृत्युपत्र."

"कुणाचं?"

"माझं."

"अगं बाई! मी अजून माझं केलं नाही." तिने खुर्ची ओढली. "साक्षीदार लागत असतील ना? आण, मी करते सही. माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे."

"तुला नाही करता येणार, आई. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं."

तिचा चेहरा एकदम खुलला. "मला मिळतंय? काय मिळतंय?"

मी वही तिच्याकडे फिरवली. दुसरे काय करणार होते? तिने वाचायचा चष्मा लावला आणि सहावे कलम मोठ्याने वाचायला सुरुवात केली. 'लाकडी पाय' येईपर्यंत वाचले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"लिओना, मला खुर्ची ठेवलीस?"

"ती तुझी सीट आहे. मला वाटलं, आठवण म्हणून..."

"माझ्याकडे पाच खुर्च्या आहेत. सहावीवर बसून काय बघू? शेजारच्या पफिस्टरबाईंच्या वाळत घातलेल्या चादरी?"

मी तिला चौदा सेकंदांचा नियम सांगू लागले. तिने हात वर केला.

"माहीत आहे मला. बर्टनं पहिल्याच दिवशी सांगितला होता. म्हणजे ते खोकं तसंच पडलंय ते माझ्यापायी? मला वाटलं, तुला पाना सापडत नाही."

"तुला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल की. पण ते माझं मी बघीन. त्या दिवशी तू आणि थेन मला काय आवडेल नि काय नाही यावरून भांडत होतात, तेव्हा मी कुठं होते?"

"तिथेच."

"तिथेच. बीन्स निवडत होते. एकानं तरी मान वळवली?"

तिने मुरंब्याची बरणी उघडली, चमचा घेतला आणि मला भरवल्यासारखा पुढे केला. मी खाल्ला. आंबट होता.

मग मला एक प्रश्न सुचला, आणि तो इतका साधा होता की सहा उन्हाळ्यांत कसा सुचला नाही याचे नवल वाटले. मी विचारले, "आई, तिथं बसून तुला दिसतं काय?"

"रस्ता तर नाहीच दिसत," ती म्हणाली. "रस्ता तू बघत असतेस. मी तुला बघते. जबडा असा आवळलेला, दोन्ही हातांनी चाक धरलंय, जसं काही कुणी पळवून नेणार आहे. मी शाळेची बस तीस वर्षं खिंडीतून उतरवली, मागं पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतायत आणि मी दोन बोटांनी चाक धरलंय. म्हणून मला प्रत्येक वेळी एकच प्रश्न पडतो."

"कोणता?"

"तिकडून कसं वाटत असेल. तुझ्या बाजूनं." तिने चमचा बरणीशेजारी ठेवला. "शेजारची जागा मी मागितली नव्हती गं. मिळाली म्हणून बसले. मला ती दुसरी हवी होती."

सहा वर्षे. मी आधी, सवयीने, अडचणी मोजायला लागले. "तुझा परवाना..."

"मोतीबिंदू काढल्यावर नवा केलाय. फ्रिजवर लावलाय. तुम्ही दोघं फ्रिज उघडता, बाहेरून बघत नाही."

"पट्टीच्या टोकाला थांबायला जागा कमी आहे."

"बर्फावर बस थांबवलीय मी. मला थांबणं शिकवू नकोस."

"थेन काय म्हणेल?"

"थेनला म्हणावं, वजन आता इकडच्या बाजूला सरकलंय." मग तिने आवाज उतरवला, बसमधल्या हट्टी मुलाशी बोलावे तसा. "हे बघ. उद्या रविवार. गाडी अजून पंधरातच आहे. शेजारी माणूस चालतो. उद्या मी चालवते, तू बस. सोमवारी ते खोकं नेडाकडं जाऊ दे आणि मग पळव तुला हवं तसं. मी कुंपणापाशी बसेन, आनंदानं बसेन. पण एकदा तिकडं बसून झाल्यावर."

बर्टला फोन केला. वयाची वरची मर्यादा नियमात नाही. "असती तरी अर्डिथबाईंना सांगायला मी गेलो नसतो," तो म्हणाला. "मला त्यांनीच शाळेत नेलंय. खिडकीबाहेर हात काढला म्हणून एकदा खाली उतरवलं होतं."

फोन ठेवल्यावर मी जरा वेळ इथेच बसले. मी अडचणी काढत होते त्या तिच्यासाठी की माझ्यासाठी? चालकाच्या जागी मला भीती वाटत नाही, कारण तिथे करायला काहीतरी असते. उद्या मांडीवर हात ठेवून बसायचे आहे आणि दुसऱ्याचा जबडा बघायचा आहे. ते कसे वाटेल हे मला माहीत नाही. माहीत नाही, हे जाणवले तेव्हा जे वाटले ते भीतीपेक्षा मंगळवारच्या त्या फुंकरीच्या जवळचे होते.

त्यामुळे पुढीलप्रमाणे दुरुस्ती:

कलम पाचमधला 'थेनला' हा शब्द आणि कलम सहा पूर्ण खोडले आहे. खोडलेल्या जागी मी सही केली आहे. कलम सहा वाचता येईल असे खोडले आहे, कारण आई म्हणाली, "राहू दे दिसत. थेनला दाखवायचंय."

नवे कलम पाच. पिकअप आणि तिच्याबरोबरच्या सर्व वस्तू, दोन्ही सीटांसकट, माझी आई अर्डिथ टकाबेरी हिला. आई माझ्या आधी गेली तर थेनला. (हे वाक्य लिहिताना मी अडखळले. आई खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "लिही, लिही. एकोणऐंशीची आहे मी, माझा काय अपमान व्हायचाय?") सुपरचार्जर बसवण्याआधी मी गेले तर तो खोक्यासकट थेनला, त्याला हवा होता तोच भाग त्याला मिळेल, आणि तो कोणत्या गाडीवर बसवायचा हे त्याने त्या गाडीच्या मालकाला विचारून ठरवावे. विचारून, हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. खऱ्या वेळेची अट कायम.

नवे कलम सहा. या मृत्युपत्रात ज्यांना काही ठेवले आहे त्यांच्यापैकी कोणाला ते नको असेल, तर त्यांनी आजच, मी जिवंत असताना सांगावे. मी खोडून पुन्हा लिहीन. वहीत अजून पुष्कळ पाने आहेत.

ऑरिन तीनच्या सुमारास एका अडलेल्या गाईचे वासरू सोडवून आला. त्याने उभ्यानेच सगळे वाचले, बाह्या अजून ओल्या होत्या.

"मी विनोद केला होता गं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आणि तू शेजारी बसणार? उद्या?"

"हो."

त्याने आईकडे पाहिले. ती भांडी पुसत होती आणि ऐकत नसल्यासारखी ऐकत होती. मग त्याने मला विचारले, "लाल हेल्मेट तुला बसेल का?" ते मला बसत नाही, घट्ट होते. आईला मात्र माझे सैल होते. म्हणून जो तो आपापलेच घालणार. ऑरिन उत्तरेकडच्या खिडकीकडे गेला आणि ती हलवून बघू लागला.

संध्याकाळी नेडा आली, पाना न आणता, आणि शेजारच्या पफिस्टरबाई आल्या. पफिस्टरबाईंनी दारातूनच विचारले, "कुणी आजारी आहे का? मृत्युपत्र म्हणे?"

"नाही हो," आई म्हणाली. "उद्या मी गाडी चालवणार आहे."

"हां," पफिस्टरबाई म्हणाल्या, आणि पर्समधून स्वतःचे पेन काढले. "मग बरोबर आहे."

वरील सर्व पाने मी माझ्या हाताने लिहिली. खालील दोघींनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना करताना पाहिले, आणि माझी आई आम्हा तिघींना पाहत होती. दोघींपैकी कोणालाही यातून काहीही मिळत नाही. मुरंब्याच्या दोन बरण्या आईने परस्पर दिल्या, त्यांचा या मृत्युपत्राशी संबंध नाही.

सही: लिओना रूथ हार्गिस

साक्षीदार: नेडा क्रायचेक, वेल्डर
साक्षीदार: ऑगस्टा पफिस्टर, शेजारीण

मुक्काम टॅरंट वेल्स, वायोमिंग
१४ जून २०२५

उद्या: पट्टीवर पोचल्यावर चालकाची सीट पुढे ओढायची, आईचे पाय ब्रेकपर्यंत पुरते पोचतील इतकी.